कर्जतची गाठ, खालापूरचा नोड

इटालियन माणसाला कर्जत स्टेशन दाखवलं तर तो त्याला गाठ म्हणेल. ‘नोदो फेर्रोव्हियारिओ’, रेल्वेची गाठ. स्पॅनिश माणूस ‘नुदो’ म्हणेल. फ्रेंच माणूसही गाठच म्हणेल, पण ओठांचा असा काही चंबू करून की तो उच्चार देवनागरीत उतरवायला बसलं तर पेनातली शाई वाळेल. आपण इंग्रजांकडून ‘जंक्शन’ उचललं आणि मोकळे झालो. मला विचाराल तर इटालियन माणूस बरोबर आहे. एक रूळ कल्याणकडून येतो, एक घाट चढून पुण्याला जातो, एक खोपोलीला उतरतो आणि एक चौकावरून पनवेलला निघतो. चार टोकं एका जागी आली आणि सुटेनाशी झाली की तिला दुसरं काय म्हणायचं?

ही गाठ पहिल्यापासून इथे नव्हती. १८५६ साली जीआयपी रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली तेव्हा पुण्याला जाणाऱ्याने खोपोलीला उतरायचं आणि पालखी, तट्टू, छकडा, जे नशिबात असेल त्याने घाट चढून खंडाळा गाठायचा, असा रिवाज होता. १८६३मध्ये बोरघाटातली रेल्वे पुरी झाली. ती पळसदरीवरूनच वर वळली आणि एका दिवसात खोपोली बाजूला पडली. गाठ मारून झाल्यावर दोऱ्याचं एक टोक उरतं ना, तशी खोपोलीची लाईन उरली. शिवणारी बाई ते टोक दातांनी तोडून टाकते. रेल्वेने ते तोडलं नाही, हे तिचे उपकार. पुढे १९१५ला टाटांचं वीजघर खोपोलीत उभं राहिलं आणि उरलेल्या टोकालाही काम लागलं.

कर्जतला मात्र घाटाने कायमची नोकरी दिली. घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट. एकट्या इंजिनाच्या दमाचं ते काम नाही, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून आणखी दोन-तीन इंजिनं लावतात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. इंग्रजीत ‘बँक’ म्हणजे चढण, एवढाच त्याचा अर्थ. पण गावाचं नाव कर्जत आणि मागून ढकलणारा बँकर, हा विनोद आमच्याकडे कोणी मुद्दाम केलेला नाही, तो आपोआप झाला आहे. लोणावळा आलं की हे बँकर सुटतात. दुसरे कुठले बँकर वर पोचल्यावर असे गुमान सुटत असतील असं वाटत नाही.

बँकर जोडेपर्यंत गाडी थांबते आणि गाडी थांबते म्हणून दिवाडकरांचा वडापाव खपतो. खिडकीतून हात बाहेर, हातात नोट, शेजारच्या डब्यातून ‘इकडे दोन’ची आरोळी. मुंबई-सोलापूर वंदे भारतला बँकर लागत नाहीत, त्यामुळे ती कर्जतला थांबत नाही, आणि तिच्यातले प्रवासी बंद काचेआडून फलाटाकडे बघत उपाशी पुढे जातात. या वड्यापावाकडे मी आदराने बघतो याचं आणखी एक कारण आहे. पाव पोर्तुगीजांचा आणि त्याचा मूळपुरुष लॅटिन ‘पानिस’. बटाट्याचं नावही पोर्तुगीजांच्याच गलबतातून उतरलं, जरी ते मूळचं कॅरिबियन बेटांवरचं. म्हणजे लॅटिनने आमच्या तालुक्यात पाऊल टाकलं ते खाण्याच्या वाटेने. तिची गाठ बऱ्याच उशिरा पोचली.

लॅटिनमध्ये गाठीला ‘नोडुस’ म्हणतात. रोमन लोक गेले आणि मागे राहिलेल्या पोरांनी वडिलोपार्जित शब्द वाटून घेतला. इटालियनच्या वाट्याला ‘नोदो’ आलं, स्पॅनिशच्या वाट्याला ‘नुदो’, रोमानियनने ‘नोद’ घेतलं, पोर्तुगीजने तर शेपूटच कापून नुसतं ‘नो’ ठेवलं. वाटणीत घोळ होतोच. स्पॅनिशमध्ये जो ‘नुदो’ म्हणजे गाठ, तोच इटालियनमध्ये म्हणजे उघडानागडा. एखादा स्पॅनिश गृहस्थ रोमच्या दुकानात शिरून गळ्याला चांगला नुदो बांधून द्या म्हणाला, तर दुकानदार आधी दार लावून घेईल.

पोर्तुगीजमध्ये त्याहून मजा आहे. ‘नो’चं अनेकवचन ‘नोस’, म्हणजे गाठी. आणि ‘नोस’ म्हणजे ‘आम्ही’सुद्धा. दोन्ही शब्दांचं मूळ वेगळं, नुसता योगायोग. पण ज्याने आमच्याकडचा सामाईक सातबारा उघडून बघितला आहे, एका गुंठ्यावर आजोबांपासूनची सतरा नावं, त्यात मयत किती, सासरी गेलेल्या किती, मुंबईला गेलेले आणि पत्ता नसलेले किती, त्याला हा योगायोग वाटणार नाही. आम्ही म्हणजेच गाठी.

पोर्तुगीज आमच्या जिल्ह्यात चौल-रेवदंड्याला १७४०पर्यंत होते. खाडीपलीकडे कोर्लईला आजही त्यांच्या भाषेतून उपजलेली, मराठी वळणाची एक बोली घराघरांत बोलतात. तिला ते ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आमची भाषा. तिथला ‘नो’ म्हणजे ‘आमचा’, त्यात गाठ शोधू नये. मराठीने पोर्तुगीजांकडून चावी घेतली, साबण घेतला, बिजागरी घेतली, उद्घाटनाला कापायची फीतसुद्धा घेतली. गाठ तेवढी घेतली नाही. घ्यायची गरजच नव्हती. त्या बाबतीत आमचं घर भरलेलं होतं.

किती भरलेलं, ते पहाटे कर्जत स्टेशनवर उभं राहिलं तरी कळतं. लोकल पकडायची नसते, ‘गाठायची’ असते. डबा हातात, चपलेचा अंगठा तुटलेला, जिना उतरता उतरता फोनवर ‘गाठली, गाठली’. त्याच गाडीत ओळखीचा भेटला की ‘गाठ पडली’. त्याने उसने पैसे मागितले तर ‘गाठीला काही नाही’. दिले आणि बुडाले तर मनात ‘खूणगाठ’. आणि एखाद्याला दम द्यायचा तर ‘गाठ माझ्याशी आहे’. यातली एकही गाठ दोरीची नाही. पाडव्याला मुलांच्या गळ्यात घालायची ती साखरेची गाठी निराळीच. लाकडी साच्यात आधी दोरा पसरायचा, वरून पाक ओतायचा, पाक थिजला की माळ तयार. दोऱ्याला प्रत्यक्षात एकही गाठ न मारता केलेली ही गाठी.

खरी, बोटांनी मारलेली गाठ बघायची तर पटवेकऱ्यासमोर बसावं. बाजारपेठेत सोनाराच्या पायरीशी पूर्वी एखादा असायचाच. मंगळसूत्र तुटलं की बायका त्याच्याकडे ‘गाठवायला’ नेत. तो मांडी अर्धी मोडून बसायचा, डाव्या पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायचा, दुसरं टोक हातात ताणून धरायचा आणि काळे मणी ओवायला लागायचा. दोन पदर, मधे सोन्याचा मणी, लगेच एक बारीक गाठ, पुन्हा काळी पोत. वाट्यांपाशी आला की गप्प व्हायचा. माहेरची वाटी, सासरची वाटी, त्यांच्या मधली गाठ दातात दोरा धरून अशी आवळायचा की ती डोळ्यांना दिसायची नाही आणि नखाला लागायची नाही. समोर बसलेली बाई तेवढा वेळ उघडा गळा पदराने झाकून, कुणी बघत तर नाही ना असं चारी दिशांना बघायची. आता सोन्याच्या तारेत मशीनवर मणी ओवतात. ती पोत चांगली टिकते म्हणे. पण दुरुस्त करणाऱ्याच्या अंगठ्याशी संसार ताणून बसलेला बघण्यातली गंमत गेली.

रोमन नवरीच्या कमरेच्या पट्ट्याला हर्क्युलिसच्या नावाची गाठ मारत आणि ती सोडण्याचा मान नवऱ्याचा असे. आपल्याकडे शालूच्या पदराची आणि उपरण्याची गाठ मारतात ती दोघांना एकत्र चालवण्यासाठी. फोटोग्राफर ‘जरा मागे’ म्हणाला की दोघांची होणारी ओढाताण ही त्या संसाराची पहिली. सोडायचा खेळ आमच्याकडे वेगळा आहे, हातातलं हळकुंड एका हाताने सोडण्याचा. एका हाताने निरगाठ सोडताना वर घामाघूम होतो, करवल्या खिदळतात, आणि बहुतेक वेळा शेवटी आत्याबाईंची दया कामी येते. रोमन नवऱ्याला ही सोय होती की नाही, इतिहासकार सांगत नाहीत.

‘नोडुस’चा इंग्रजी नातू ‘नोड’ आमच्याकडे प्रथम आला तो दवाखान्यात. पायाला काटा लागून पिकलं की जांघेत गोळा येतो. आजी म्हणायची, अवधाण आलंय, मिठाच्या गरम पाण्याने शेक. डॉक्टर म्हणाले, ‘नोड्स सुजलेत’ आणि गोळ्या लिहून दिल्या. दुखणं एकच, नोड झाल्यावर त्याची फी वाढली. १८९६ला मुंबईत प्लेग आला तेव्हा काखेत, जांघेत येणाऱ्या याच गोळ्यांवरून लोकांनी त्याला ‘गाठीचा ताप’ म्हटलं. त्या नावातली धास्ती ‘नोड’ला कधी येणार नाही.

याच घराण्यातलं दुसरं एक इंग्रजी कार्टं म्हणजे ‘नूज’, गळफास. त्याला खालापूर तालुका ओळखतो, नाव माहीत नसताना. १६६१च्या फेब्रुवारीत कारतलबखान मोठी फौज घेऊन चावणीजवळच्या उंबरखिंडीत शिरला. पुढे वाट अरुंद, दोन्ही अंगांना दाट झाडी, मागे फिरायला जागा नाही, पाण्याचा पत्ता नाही. शिवाजी महाराजांनी वरून नुसता फास आवळला. खानाने सामानसुमान टाकलं, खंडणी दिली आणि मोकळा श्वास घेत परत गेला. हल्ली शनिवारी सकाळी मुंबईहून निघालेली मंडळी खालापूरच्या टोलनाक्यावर अशीच अडकतात. खंडणी तीही देतात, पण सामान टाकून परत जायची मुभा त्यांना नाही.

दवाखान्यानंतर नोड आला तो नकाशातून. १९६५ साली ‘मार्ग’ मासिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली, १९७०मध्ये सिडको स्थापन झाली आणि एक अगडबंब शहर करण्याऐवजी वेगवेगळ्या वसाहती ओवायच्या असं ठरलं. त्या वसाहतींना नोड म्हणायचं. वाशी नोड, नेरूळ नोड, खारघर नोड, असे १४ नोड. आता खगोलशास्त्रात चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते त्या दोन बिंदूंनाही नोडच म्हणतात आणि आपल्या पंचांगात त्यांची नावं राहू आणि केतू अशी आहेत. हा हिशोब धरला तर नव्या मुंबईत सात राहू आणि सात केतू नांदतात. कोणता नोड राहू आणि कोणता केतू, हे पावसाळ्यात तिथे राहणाऱ्यांना विचारावं. पाणी मात्र यांतल्या बहुतेकांना आमचं. खालापूर तालुक्यात चौकजवळ धावरी नदीवर मोरबे धरण आहे, ते नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं. आमच्या डोंगरावर पडणारा पाऊस नळातून नोडात जातो.

२०१३ला विमानतळाच्या आसपासचा मुलूख अधिसूचित झाला. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून ‘नैना’ झाली. नाव सिनेमातल्या नायिकेला शोभेलसं, आणि पनवेलपासून खालापूरकडच्या गावांपर्यंत बघता बघता सगळ्यांचे डोळे तिच्याकडे लागले. तेव्हापासून आमच्याकडे नोड हा शब्द दवाखान्यातून उठून चहाच्या टपरीवर आला. ‘आपलं नोडात येतं का?’ हा प्रश्न ‘जेवलात का?’च्या जागी आला. रस्त्याकडेच्या फलकावर प्रस्तावित नोडपासून दहा मिनिटं असं लिहिलेलं असतं. ती दहा मिनिटं कोणत्या वाहनाची आणि कोणत्या वारी, याबद्दल फलक मौन पाळतो. इस्टेट एजंट, म्हणजे कालपर्यंत रिक्षा चालवणारा आमचाच पुतण्या, मोबाइलवर नकाशा उघडून दोन बोटांनी मोठा करतो आणि एक गोल दाखवतो. हा बघा काका, नोड.

मी त्या गोलाकडे बघतो आणि मला कर्जत स्टेशन आठवतं. तिथे आधी रूळ आले, मग गाठ पडली, मग वडापाव आला, आणि जंक्शन हे नाव पाटीवर सगळ्यात शेवटी चढलं. इथे पाटी आधी लागली आहे. गाठ तयार आहे, ती कशाकशाची मारायची ते दोरे यायचे आहेत. विणकाम येणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, दोऱ्याशिवाय गाठ मारून दाखव म्हणून. ती तुमच्याकडे ज्या नजरेने बघेल त्या नजरेने मी नकाशाकडे बघतो. पुतण्या म्हणतो, काका, तुम्हाला व्हिजन नाही.

गाठी सोडवण्याचे दोन मार्ग जगाला ठाऊक आहेत. एक फ्रेंच नाटकवाल्यांचा. नाटकाच्या शेवटच्या अंकाला ते गाठ सुटणं असंच नाव देतात, ‘देनूमाँ’. आपल्याकडच्या जमिनीच्या दाव्यात देनूमाँ येत नाही, तारीख येते. दुसरा मार्ग सिकंदराचा. गॉर्डियम गावच्या मंदिरात एका जुन्या गाड्याला अशी गाठ होती की तिचं टोकच सापडत नसे, आणि ती सोडवील तो आशियाचा राजा होईल अशी वदंता होती. सिकंदराने इसवी सनापूर्वी ३३३मध्ये तलवार काढली आणि ती कापून टाकली. त्याला लोक शूर म्हणतात. आमच्याकडे याला भूसंपादन म्हणतात. आणि हे सगळं ज्याच्या हाती सोपवायचं तो ‘नोडल अधिकारी’. निवडणूक असो, पूर असो, लसीकरण असो, एक नोडल अधिकारी नेमल्याशिवाय सरकारला झोप लागत नाही. शब्दशः बघितलं तर गाठाळ अधिकारी. बिचाऱ्याच्या टेबलावर सगळ्या खात्यांची टोकं येऊन पडतात आणि गाठ मारायला त्याच्याकडे एक शिपाई असतो.

दिवाळीनंतर भात कापून कडपे वाळले की आमच्या शेजारचे मामा भारे बांधायला घेतात. त्यांची खाचरं उतारावर, खालच्या अंगाला ओढा, वरच्या अंगाला ठाकरवाडी. मुंबईच्या पोरांची एक टोळी त्या दिवशी ढाकच्या वाटेने आली होती, पाठीला दोर, कमरेला कड्या. त्यातल्या एकाने बांधावर बसून दुसऱ्याला आठाच्या आकड्याची गाठ शिकवली. मामा काम थांबवून बघत राहिले. मग त्या पोराने विचारलं, “मामा, तुम्ही भाऱ्याला कुठली गाठ मारता?”

मामांनी पेंढ्याचे दोन मुठे घेतले, शेंड्याशी शेंडा लावून एकदा पिळले, तो बंध जमिनीवर टाकला, त्यावर दोन्ही हातांनी भात रचलं, गुडघा दिला, दोन्ही टोकं वर ओढली, एकमेकांभोवती पिळली आणि पिळाचं शेपूट बंधाखाली खोचून दिलं. सगळं मिळून खोकला यायला लागतो तेवढा वेळ.

“गाठ कुठंय?” पोराने विचारलं.

“गाठ नसती मारायची,” मामा म्हणाले. “खळ्यावर झोडताना सोडीत कोन बसंल?”

पोरांनी त्याचा व्हिडिओ काढला आणि ती वर निघून गेली. मामांनी आणखी चार भारे बांधले, कमरेला हात लावून उभे राहिले आणि मला म्हणाले, “भाऊ, तुमचा पुतन्या सांगत व्हता, रेष आमच्या विहिरीवरनं जाते. विहीर नोडात आन् शेत भाईर.”

“मग?”

“मग काय? आतला भाव येगळा, भाईरचा येगळा. त्याला सांगा, गोल जरा मोठा काढ म्हनावं. न्हाईतर विहीर तरी सोड.”